भयपटातील स्त्रीची जबानी



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. परंतु कोणता ग्रंथ कोणत्या वाचकाच्या हाती केव्हा द्यावा याचा जो विवेक त्यांच्या ठायी होता, त्या विवेकाने या नगरातील एका संपूर्ण पिढीची अभिरुची घडविली, हे येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांना स्वानुभवाने ठाऊक आहे. ग्रंथकारांची स्मारके होतात, निवड करणाऱ्यांची क्वचितच होतात. आणि म्हणूनच त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय शोधताना, कलाकृती निर्माण करणाऱ्यांऐवजी त्या धुंडाळून, राखून, योग्य प्रेक्षकांपुढे मांडणाऱ्या एका व्यक्तीविषयी बोलावे असे मी ठरविले. ती व्यक्ती म्हणजे कॅनडातील चित्रपट-लेखिका व महोत्सव-संयोजिका किअर-ला जॅनिस. त्यांचे क्षेत्र म्हणजे भयपट, आणि त्यातही भयपटातील स्त्री.

भयपट हा शब्द उच्चारताच सुसंस्कृत मंडळींच्या कपाळावर जी सूक्ष्म आठी उमटते ती मला परिचित आहे, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. या प्रकारात हिणकस माल विपुल निघाला, आणि त्यातील पुष्कळ भागात स्त्रीला किंचाळणे, धावणे व मरणे यापलीकडे काही काम दिले गेले नाही. परंतु जो वाङ्मयप्रकार मेरी शेली नावाच्या एका विशीही न गाठलेल्या मुलीने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहून समृद्ध केला, आणि त्या कादंबरीच्या १८१८ सालच्या पहिल्या आवृत्तीवर तिचे नाव छापले गेले नाही, त्या प्रकाराच्या दप्तरात स्त्रियांची नावे कमी का आढळतात याचा शोध घेताना केवळ त्यांचे अस्तित्व कमी होते असे अनुमान काढणे हा न्याय नव्हे. लोइस वेबर यांनी फिलिप्स स्मॉली यांच्या सहकार्याने १९१३ साली 'सस्पेन्स' हा लघुपट केला, ज्यात एकटी स्त्री, तान्हे मूल आणि घरात शिरणारा आगंतुक यांची कथा पडद्याचे तीन भाग करून एकाच वेळी दाखविली आहे. हे तंत्र नंतर पुष्कळांनी वापरले, परंतु वेबरबाईंचे नाव दीर्घकाळ अभ्यासकांच्याच तोंडी राहिले.

याहून बोलका दाखला मिलिसेंट पॅट्रिक यांचा आहे. १९५४ साली युनिव्हर्सल या कंपनीने 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' हा चित्रपट काढला. त्यातील खवले आणि कल्ले असलेला जलमानव आजही भयपटांच्या अग्रगण्य आकृतींमध्ये गणला जातो. त्याचे रूप या बाईंनी रेखाटले. कंपनीने प्रसिद्धीसाठी त्यांना गावोगावच्या दौऱ्यावर धाडण्याची तजवीज केली, तेव्हा रंगभूषा-खात्याचे प्रमुख बड वेस्टमोर यांना ते इतके झोंबले की श्रेय त्यांच्याच नावे राहावे अशी व्यवस्था झाली, आणि पॅट्रिकबाईंना त्या खात्यात पुन्हा काम मिळाले नाही. सहा दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१९ साली, मॅलरी ओमेरा या लेखिकेने त्यांच्यावर संपूर्ण ग्रंथ लिहिला तेव्हा कोठे सामान्य वाचकांना ही हकीकत कळली. कर्तृत्व होते, साक्षीदार होते, रेखाटने करीत असतानाची छायाचित्रेसुद्धा होती. नव्हती ती फक्त नोंद.

२०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील एका अत्यंत यशस्वी भयपट-निर्मात्याने, जेसन ब्लम यांनी, एका मुलाखतीत अशा अर्थाचे विधान केले की मुळात स्त्री-दिग्दर्शक थोड्या आणि भयपटाकडे ओढा असणाऱ्या त्याहून थोड्या. लगोलग टीका झाली आणि त्यांनी क्षमाही मागितली, म्हणून त्या गृहस्थांवर येथे अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही. परंतु ज्याचा चरितार्थच या प्रकारावर चालतो त्यालाही स्टेफनी रॉथमन यांचा १९७१ चा 'द व्हेल्व्हेट व्हॅम्पायर', कॅथरिन बिगेलो यांचा १९८७ चा 'निअर डार्क' किंवा मेरी लॅम्बर्ट यांचा १९८९ चा 'पेट सेमेटरी' ऐनवेळी आठवू नये, यावरून विस्मरण किती सहज आणि किती सर्वव्यापी असते हे ध्यानात येते. विस्मरणाला कोणाचा हुकूम लागत नाही; स्मरणाला मात्र कोणीतरी वेतनी किंवा बिनवेतनी चाकरी करावी लागते, आणि जॅनिसबाईंचे आयुष्य या चाकरीत गेले आहे.

१९९९ साली व्हँकुव्हर येथे त्यांनी 'सिनेमुएर्ते' नावाचा भयपट-महोत्सव सुरू केला आणि २००५ पर्यंत तो चालविला. महोत्सव-संयोजन म्हणजे चांगल्या चित्रपटांची यादी करणे असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्या काळी हा मामला फारच निराळा होता. चित्रपट पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर असे, नव्वद मिनिटांचा चित्रपट पाच-सहा जड रिळांत विभागलेला असे, आणि जो चित्रपट वीस-पंचवीस वर्षे कोणी दाखविलेला नाही त्याची प्रत कोणत्या देशातील कोणत्या गोदामात, कोणाच्या मालकीत पडून आहे, मूळ वितरक दिवाळखोरीत गेला असल्यास हक्क कोणाकडे गेले, प्रत आलीच तर जकातीतून ती सुटेल काय, सुटली तर तिचे रंग उडून सर्व काही गुलाबी तर झाले नसेल ना, या प्रश्नांची उत्तरे पत्रव्यवहाराने, दूरध्वनीने आणि अपरिमित चिकाटीने मिळवावी लागत. एवढे करून प्रेक्षागृहात मोजके प्रेक्षक. पण त्या मोजक्यांपुढे तो चित्रपट पुन्हा जिवंत होई, त्यावर कोणीतरी लिही, कोणीतरी वाद घाली, आणि त्या वादातून पुढे त्याच्या जतनाला पैसा उभा राही. आपल्याकडे पुण्यास १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष ज्या तळमळीने गोळा केले, ती ज्यांनी ऐकली वा पाहिली आहे त्यांना या कामाची जात वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे जॅनिसबाई टेक्सासमधील ऑस्टिन येथे एका नामांकित चित्रपटगृहाच्या कार्यक्रम-विभागात होत्या. नंतर कॅनडात परतून विनिपेग आणि माँट्रिऑल येथे त्यांनी लहान लहान उपक्रम उभे केले, त्यांतले काही टिकले, काही टिकले नाहीत. टिकलेल्यांपैकी विशेष उल्लेखनीय म्हणजे २०१० साली स्थापन केलेली 'मिस्कॅटॉनिक इन्स्टिट्यूट ऑफ हॉरर स्टडीज' ही पाठशाळा, जिचे नाव लव्हक्राफ्ट या कथाकाराच्या काल्पनिक विद्यापीठावरून घेतले आहे आणि जिचे वर्ग पुढे लंडन, न्यूयॉर्क येथेही भरू लागले. विद्यापीठाच्या सनदेवाचून, पदवीच्या आमिषावाचून, केवळ जिज्ञासेपोटी संध्याकाळी जमलेल्या माणसांना विद्वानांनी व्याख्याने द्यावीत, ही कल्पना महाराष्ट्रातील व्याख्यानमालांवर वाढलेल्या आपल्या मनाला किती जवळची आहे!

परंतु ज्या कृतीमुळे त्यांचे नाव या क्षेत्रात चिरस्थायी झाले ती म्हणजे २०१२ साली प्रसिद्ध झालेला 'हाउस ऑफ सायकॉटिक विमेन' हा ग्रंथ. नाव भडक आहे. एका स्पॅनिश चित्रपटाला अमेरिकेत विकताना वितरकाने ते चिकटविले होते, आणि बाईंनी ते बुद्ध्याच उचलले. ग्रंथाचे स्वरूप आजवरच्या कोणत्याही समीक्षाग्रंथासारखे नाही. पूर्वार्धात स्वतःची कहाणी आहे: अस्थिर बालपण, घरातील हिंसा, संस्थांच्या छपराखाली काढलेले दिवस, तारुण्यातील स्वतःचे बेभान वर्तन, आणि त्या कहाणीच्या प्रत्येक वळणावर एखादा चित्रपट, ज्यातील विस्कटलेल्या, उन्मत्त, कोणालाही न आवरणाऱ्या स्त्रीमध्ये लेखिकेला आपला किंवा आपल्या आईचा चेहरा दिसला. उत्तरार्धात अशा चित्रपटांचा विस्तृत कोश. आत्मचरित्र आणि कोश, हुंदका आणि नोंदवही, या दोन गोष्टी एकाच बांधणीत असू शकतात हे मला तरी या ग्रंथापूर्वी ठाऊक नव्हते.

याचे मोल कळण्यासाठी आधीची परिस्थिती थोडक्यात पाहू. १९९२ साली कॅरोल क्लोव्हर यांनी भयपटात अखेरपर्यंत जिवंत राहणाऱ्या मुलीची मीमांसा केली. १९९३ साली बार्बरा क्रीड यांनी भयपटातील राक्षसीरूप स्त्रीचा मनोविश्लेषणाच्या आधारे विचार मांडला. दोन्ही ग्रंथ थोर आहेत आणि त्यांच्यावाचून पुढचे काहीच लिहिले गेले नसते. परंतु क्लोव्हर यांचा मुख्य प्रश्न प्रेक्षागृहातील तरुण पुरुषाला काय वाटते हा होता, आणि क्रीड यांचा प्रश्न पुरुषाच्या मनातील भीतीचा होता. प्रेक्षागृहात बसलेली मुलगी, जी स्वखुशीने, रात्री उशिरा, एकटी हे चित्रपट पाहावयास आली आहे, तिला काय दिसते हे तिच्या तोंडून क्वचितच नोंदविले गेले होते. जॅनिसबाईंनी ती जबानी स्वतः दिली.

उदाहरणादाखल आंद्रझेय झुवाव्स्की यांचा 'पझेशन' घेऊ. मोडणाऱ्या संसाराची ही कथा पश्चिम बर्लिनमध्ये, विभाजक भिंतीच्या अगदी लगत घडते. पतीला सोडून निघालेली ॲना प्रियकरालाही सोडून कोणा अमानुष प्राण्याकडे जाते. त्यात एक प्रसंग आहे. भुयारी रेल्वेच्या निर्जन मार्गात, हातातल्या जाळीच्या पिशवीत दूध आणि अंडी घेऊन ॲना चाललेली आहे. ती अकस्मात हसू लागते, मग ओरडू लागते, पिशवी भिंतीवर आदळते, दूध सर्वांगावर उडते, आणि कित्येक मिनिटे तिचे शरीर असे काही पिळवटते की हा अभिनय आहे याचा पाहणाऱ्याला विसर पडतो. इझाबेल आजानी यांना १९८१ साली कान येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले, ते जेम्स आयव्हरी यांच्या 'क्वार्टेट'बरोबर याही भूमिकेसाठी. तरीही अमेरिकेत हा चित्रपट चाळीस मिनिटांहून अधिक कापून दाखविण्यात आला, आणि ब्रिटनमध्ये त्याची चित्रफीत आक्षेपार्ह चित्रफितींच्या सरकारी यादीत गेली. समीक्षकांपैकी काहींना तो प्रसंग अतिरेकी वाटला, काहींना हास्यास्पद. मला विचाराल तर, चित्रपटाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात स्त्रीच्या दुःखाला इतके बेमुर्वत, इतके शिष्टाचारविरहित रूप क्वचितच मिळाले असेल. दुःखी स्त्री सुंदर दिसावी, तिचे अश्रू गालावरून ओघळावेत, पदर ढळू नये, ही अपेक्षा प्रतिष्ठित चित्रपटांनी, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्याही, इतकी मुरविली आहे की तिच्याबाहेरचे दुःख दाखविण्यासाठी भयपटाच्या बदनाम गल्लीतच जावे लागले. आणि जॅनिसबाईंचे म्हणणे मी जसे समजते तसे ते हेच आहे, की त्या गल्लीत आपल्याला भीतीपेक्षा ओळख अधिक सापडली.

दुसरा चित्रपट सिडनी फ्युरी यांचा, १९८२ चा 'द एंटिटी'. तीन मुलांना एकटीने वाढविणाऱ्या कार्ला मोरान या स्त्रीवर एक अदृश्य शक्ती वारंवार बलात्कार करते. बार्बरा हर्शी यांनी ती भूमिका विलक्षण संयमाने केली आहे. कार्ला मानसोपचार-तज्ज्ञाकडे जाते. तो सहृदय आहे, तरी हा तुझ्याच मनाचा खेळ आहे यावर ठाम आहे. मग अतींद्रिय शक्तींचे संशोधक येतात. ते तिच्यावर विश्वास ठेवतात, आणि विद्यापीठाच्या व्यायामशाळेत तिच्या घराची हुबेहूब प्रतिकृती उभारून तिला त्यात राहावयास लावतात, जेणेकरून त्या शक्तीला पकडता यावे. एक पक्ष तिला रुग्ण ठरवितो, दुसरा आमिष. तिचे ऐकून घेतल्यावरही तिला काय हवे हे विचारणारे कोणी नाही. आपली कैफियत खरी धरली गेली म्हणजे न्याय झाला असे जे आपण मानतो ते किती अपुरे आहे, हे या चित्रपटाइतके स्पष्टपणे मी कोणत्याही निबंधात वाचलेले नाही.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो गंभीर आहे. हे दोन्ही चित्रपट पुरुषांनी केलेले आहेत. ग्रंथातील बहुसंख्य चित्रपटही तसेच. कित्येकांत कॅमेऱ्याची नजर उघडउघड लोलुप आहे, आणि डेव्हिड क्रोननबर्ग यांच्या १९७९ च्या 'द ब्रूड'सारख्या चित्रपटात तर दिग्दर्शकाने आपल्या घटस्फोटाचा आणि मुलीच्या ताब्यासाठी झालेल्या तंट्याचा संताप सरळ पत्नीच्या पात्रावर ओतला आहे. मग अशा चित्रपटांचा कैवार घेणे म्हणजे स्त्रियांचा कैवार कसा? यावर माझे उत्तर असे की जॅनिसबाई या दिग्दर्शकांची वकिली करीत नाहीत. कलाकृती करणाऱ्याचा हेतू काहीही असो, भूमिका करणारी अभिनेत्री त्यात स्वतःचे काही ठेवून जाते, आणि पाहणारी स्त्री तेवढेच वेचून घेते; या वेचण्याचा हक्क प्रेक्षकाचा आहे, तो निर्मात्याच्या परवानगीवर अवलंबून नाही. ग्रंथातील प्रत्येक पानाशी मी सहमत आहे असे नव्हे. काही प्रकरणांत आयुष्याचा ओघ इतका प्रबळ होतो की चित्रपट निमित्तमात्र उरतो, आणि त्याच्या रचनेचा, संकलनाचा, ध्वनीचा विचार जितका व्हावयास हवा होता तितका होत नाही. तरीही ही उणीव त्या ग्रंथाच्या सत्यतेचीच किंमत आहे असे मी मानते, आणि ती किंमत देण्याजोगी आहे.

२०२१ साली जॅनिसबाई स्वतः दिग्दर्शिका झाल्या. 'वुडलँड्स डार्क अँड डेज बिविच्ड' हा लोकभयपटांचा इतिहास सांगणारा माहितीपट एका जुन्या चित्रपटाच्या पुरवणीसाठी लहानसा करावयाचा होता. तो वाढत वाढत तीन तासांहून अधिक लांबीचा झाला, आणि अमेरिकेतील साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात मध्यरात्र-विभागाचे प्रेक्षक-पारितोषिक त्याला मिळाले. 'विचफाइंडर जनरल', 'द ब्लड ऑन सेटन्स क्लॉ' आणि 'द विकर मॅन' या तीन ब्रिटिश चित्रपटांपासून निघून तो देशोदेशीच्या जमिनीत पुरलेल्या भयांकडे जातो, आणि जागोजाग त्याला चेटकीण भेटते: गावाला नकोशी झालेली, जमीन वा औषधी विद्या बाळगणारी, एकटी स्त्री. हा भाग पाहताना मला आपल्या कोकणातली आणि देशावरची हडळ आठवल्याशिवाय राहिली नाही. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ होते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. म्हणजे जिला वाचविण्यासाठी गावाने काही केले नाही, तिचेच भय गावाने पुढे वाहिले. या श्रद्धांचा मागोवा दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याच्या अंगाने घेतला. चित्रपटाच्या अंगाने तो घेणारी लेखिका मराठीत अद्याप व्हावयाची आहे.

या कामात जॅनिसबाई एकट्या नाहीत, आणि त्यांना एकटे मानणे हाही एक अन्यायच होईल. २०१० पासून फेब्रुवारी महिना भयपटातील स्त्रियांसाठी राखण्याची प्रथा अमेरिकेतील एका स्वप्रकाशित छोट्या पत्रिकेच्या संपादिकेच्या पुढाकाराने पडली. माँट्रिऑलच्या फँटेशिया महोत्सवात २०१६ पासून स्त्रियांनी दिग्दर्शित केलेल्या लघुपटांचा 'बॉर्न ऑफ वुमन' हा विभाग होतो. बर्लिनमध्ये याच हेतूने स्वतंत्र महोत्सव आहे. अलेक्झांड्रा हेलर-निकोलस यांनी २०२० साली एक हजार स्त्रियांचा कोश सिद्ध केला आणि हायडी हनीकट यांनी २०२४ साली भयपट दिग्दर्शित करणाऱ्या स्त्रियांचा इतिहास. दरम्यान २०२१ साली ज्युलिया दुकूर्नो यांना 'तितान'साठी कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ते कोणाशीही विभागून न घेता मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. कोराली फार्जा यांच्या २०२४ च्या 'द सब्स्टन्स'ला ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत स्थान लाभले. हे सर्व आनंदाचे आहे. परंतु कॅरिन कुसामा यांच्या 'जेनिफर्स बॉडी'ची हकीकत विसरता कामा नये: २००९ साली तो चित्रपट तरुण मुलांना नायिकेच्या देहाचे प्रलोभन दाखवून विकला गेला, ज्या मुलींसाठी तो केला होता त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, आणि अपयशी म्हणून निकालात निघाला; जवळजवळ दशकभरानंतर त्याच मुलींनी, मोठ्या झाल्यावर, लेख लिहून आणि खेळ लावून त्याची फिर्याद पुन्हा उभी केली. मधल्या काळात दिग्दर्शिकेची जी वर्षे गेली ती मात्र कोणी परत देत नाही. म्हणून पारितोषिकांनी काम संपले असे समजू नये. पारितोषिक आजच्या कृतीला मिळते, कालच्या कृतीला फक्त संयोजक मिळतो.

आता एक विनंती करते. या सभागृहात चित्रपट-मंडळांचे चालक आहेत, महाविद्यालयांतील प्राध्यापक आहेत, आणि मागच्या बाकांवर बऱ्याच तरुण मुली बसलेल्या मला दिसत आहेत. चालकांनी पुढील वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत स्त्रीने दिग्दर्शित केलेला एक भयपट घालावा. तो नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या वेळी, सत्यजित राय आणि बर्गमन यांच्या रांगेत दाखवावा, विशेष सप्ताहाच्या कोपऱ्यात ढकलू नये. त्याचा परिचय करून देण्यास बाहेरचा वक्ता न आणता आपल्याच सभासदांपैकी एखाद्या मुलीला उभे करावे, आणि तिने जे सांगितले ते टिपून घेऊन मंडळाच्या वार्षिक अहवालात तिच्या नावानिशी छापावे.

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)